‘मेल आता फक्त ब्राउझरमध्ये’: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान लातुरात, गंजगोलाईच्या जवळ. गेल्या काही महिन्यांपासून दुकानात येणाऱ्यांचं एकच गाऱ्हाणं: “आउटलुक उघडलं की पासवर्ड मागायलंय, दिला तरी परत मागायलंय, मेल काही येईना गेलेत.” विचारपूस केली की निघतं ते असं. इंटरनेट कंपनीने कनेक्शनसोबत दिलेला जुना ईमेल पत्ता, आणि तो मेल यापुढे फक्त वेबसाइटवर लॉगिन करून वाचायचा असं त्या कंपनीने ठरवलेलं. रोज तेच ते सांगून घसा बसला, म्हणून इथे लिहून ठेवतोय.

नेमकं बदललं काय?

तुमचा मेल कंपनीच्या सर्व्हरवर येऊन पडतो. तिथून तो तुमच्यापर्यंत यायच्या वाटा वेगवेगळ्या. पॉप आणि आयमॅप या मेल आणायच्या वाटा, एसएमटीपी ही पाठवायची. आउटलुक, थंडरबर्ड यांसारखे प्रोग्रॅम याच वाटांनी ये-जा करतात. ब्राउझरची वाट निराळी, तिला वेबमेल म्हणतात. कंपनीने आधीच्या वाटा बंद केल्या आणि ब्राउझरची तेवढी चालू ठेवली. खातं जागेवर आहे, पत्ता तोच आहे, लोकांनी पाठवलेले मेलही पोचतायत. आउटलुकला मात्र दारातूनच परत पाठवलं जातं, आणि त्या बिचाऱ्याला वाटतं की पासवर्डच चुकला.

म्हणून पासवर्ड बदलत बसू नका. एका डाळ मिलच्या मुनीमजींनी एका दुपारी तीनदा पासवर्ड बदलला. प्रत्येक वेळी आउटलुक जुनाच पासवर्ड सर्व्हरला देत राहिलं, आणि शेवटी खातंच कुलूपबंद झालं. मग वेबमेलसुद्धा उघडेना. आधी आउटलुक बंद करायचं, मग ब्राउझरमध्ये लॉगिन करून बघायचं.

वेबमेल काय आणि आउटलुक काय, मेल तर तेच ना?

मेल तेच, पण ते ठेवलेत कुठे यात सगळा फरक आहे. लातूरकराला हे पाण्यावरून पटकन कळतं. २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आलं ते आपण विसरलेलो नाही, आणि घरात टाकी असणं म्हणजे काय हे इथे कुणाला शिकवावं लागत नाही. पॉप म्हणजे पाणी आलं की टाकी भरून घेणं. मेल सर्व्हरवरून उतरून तुमच्या कॉम्प्युटरवर येतात, आणि ‘सर्व्हरवर प्रत ठेवा’ असं सांगितलं नसेल तर तिकडचे पुसलेही जातात. आयमॅपमध्ये मेल सर्व्हरवरच राहतात आणि कॉम्प्युटरवर त्यांची नक्कल असते. इकडे डिलीट केला की तिकडेही गेला. वेबमेल म्हणजे नळालाच तोंड लावून पिणं. पाणी येतंय तोवर तक्रार कसली?

ही टाकीची पद्धत आली ती गरजेतूनच. १५ ऑगस्ट १९९५ ला व्हीएसएनएल या तेव्हाच्या सरकारी कंपनीने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं तेव्हा फोनच्या तारेवरून डायल करून जोडावं लागायचं आणि मीटर पळत राहायचं. लाइन जोडायची, मेल भराभर उतरवून घ्यायचे, लाइन तोडायची आणि मग निवांत वाचत बसायचं. उत्तरंही लाइन नसताना लिहून ठेवायची आणि पुढच्या जोडणीत एकदम पाठवायची. पॉप याच कामासाठी बनलेलं. आयमॅप मार्क क्रिस्पिन यांनी १९८६ मध्ये स्टॅनफर्डला तयार केलं ते मेल सर्व्हरवरच ठेवून वापरता यावेत म्हणून.

मग कंपनीने हे केलं का?

कंपनी सांगते ते कारण सुरक्षेचं. ते खोटं नाही. जुन्या पद्धतीत आउटलुक नुसतं नाव आणि पासवर्ड देतं. मध्ये ओटीपी विचारायला जागाच नसते. चोरलेल्या पासवर्डच्या याद्या घेऊन रात्रंदिवस दारं ठोठावणारे प्रोग्रॅम असतात, आणि एकदा आत शिरले की तुमच्या पत्त्यावरून हजारो फालतू मेल सोडतात. मग त्या कंपनीचा सगळाच मेल बाकीचे सर्व्हर संशयाने बघायला लागतात.

पण याच कारणासाठी मोठ्यांनी काय केलं ते बघा. गुगलने ३० मे २०२२ पासून वैयक्तिक खात्यांना नुसत्या नाव-पासवर्डवर बाहेरचे प्रोग्रॅम जोडणं थांबवलं. मायक्रोसॉफ्टने आउटलुक डॉट कॉम या आपल्या ईमेल सेवेच्या खात्यांसाठी १६ सप्टेंबर २०२४ ला तेच केलं. दोघांनीही आयमॅप बंद केलं नाही. कुलूप बदललं, दार ठेवलं. म्हणजे सुरक्षेसाठी दारच बुजवावं लागतं असं नाही. नवं कुलूप बसवायला पैसा आणि माणसं लागतात, आणि इंटरनेट कंपनीला ईमेलमधून दमडी मिळत नाही, हा खरा हिशेब.

एके काळी मिळत होती, वेगळ्या अर्थाने. डायल-अपच्या दिवसांत कंपनीचा ईमेल पत्ता हे गिऱ्हाईक बांधून ठेवायचं दावं होतं; कनेक्शन सोडलं की पत्ता जाणार, म्हणून माणूस सोडायचा नाही. ४ जुलै १९९६ ला सबीर भाटिया आणि जॅक स्मिथ यांनी हॉटमेल सुरू केलं आणि कुठल्याही कॉम्प्युटरवरून, कुठल्याही कनेक्शनवरून उघडणारा फुकट पत्ता मिळायला लागला. १ एप्रिल २००४ ला जीमेल आलं ते थेट १ जीबी जागा घेऊन. त्या काळी बाकीचे मोजके एमबी देत होते. दावं तिथेच तुटलं. उरला तो खर्च आणि ‘पोर्ट कुठं टाकू’ विचारणारे फोन. असा एक फोन अर्धा तास खातो, हे मी स्वानुभवाने सांगतो.

परदेशात काही कंपन्या याही पुढे गेल्या. न्यूझीलंडमध्ये व्होडाफोनने ३० नोव्हेंबर २०१७ ला आपली ईमेल सेवाच बंद केली. अमेरिकेत व्हेरायझनने त्याच वर्षी ईमेलच्या धंद्यातून अंग काढून घेतलं. त्या मानाने तुमच्या कंपनीने वेबमेल तरी ठेवलंय. पण ही बहुतेक वेळा पहिली पायरी असते, शेवटची नाही, असं मी तरी धरून चालतो.

खरंच बंद झालंय की आमचंच सेटिंग चुकलंय, हे कसं ओळखायचं?

वेबमेल त्याच पासवर्डने उघडत असेल आणि आउटलुकमध्ये तोच पासवर्ड चालत नसेल तर संशयाला जागा आहे, पण खात्री नाही. वेबमेलच्या सेटिंगमध्ये पॉप-आयमॅप चालू करायचं बटण आहे का ते आधी बघा. काही जण ते बंद करून ठेवतात आणि कुणी सांगत नाही. पोर्ट, म्हणजे सर्व्हरवरच्या दाराचा नंबर, तपासा: सुरक्षित आयमॅपला ९९३, सुरक्षित पॉपला ९९५, पाठवायला ५८७ किंवा ४६५. (आकडे टाकताना इंग्रजीतच टाका.) पाठवायच्या जागी २५ असेल तर ते चालणार नाही. फालतू मेल रोखायला बहुतेक इंटरनेट कंपन्या घरगुती कनेक्शनवर २५ अडवतात.

कॉम्प्युटर फार जुना असेल तर दोष त्याचाही असू शकतो. मेल सर्व्हर आणि तुमचा प्रोग्रॅम ज्या सांकेतिक पद्धतीने बोलतात तिच्या जुन्या आवृत्त्या, टीएलएस १.० आणि १.१, मार्च २०२१ मध्ये अधिकृतपणे मोडीत निघाल्या. विंडोज एक्सपीवरच्या आउटलुक एक्स्प्रेसला नवी भाषा येत नाही. विंडोज ७ ला येते, पण बऱ्याचदा मुद्दाम चालू करून द्यावी लागते.

तरीही जमेना तर कंपनीला ईमेल करून एकच प्रश्न विचारा: “आयमॅप पूर्ण बंद आहे, की फक्त साध्या पासवर्डने जोडणं बंद आहे?” फोनवर विचारलंत तर ‘सर, ॲप वापरा’ एवढंच उत्तर मिळेल.

जुने मेल गेले का?

बहुधा नाही. पण या टप्प्यावर घाई केली तर जातात, म्हणून हे उत्तर सावकाश वाचा.

पॉप वापरत असाल तर मेल तुमच्या कॉम्प्युटरवरच आहेत आणि तिकडे काहीही बंद झालं तरी इथले कुठे जात नाहीत. आउटलुकमध्ये ते पीएसटी नावाच्या एका मोठ्या फाइलमध्ये असतात. अलीकडच्या आउटलुकमध्ये ती ‘डॉक्युमेंट्स’मधल्या ‘आउटलुक फाइल्स’ या फोल्डरमध्ये सापडते. तिची नक्कल पेन ड्राइव्हवर नाही, बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्या. पेन ड्राइव्ह मुलं प्रोजेक्टला नेतात.

आयमॅप वापरत असाल तर जरा जपून. कॉम्प्युटरवरची ती नक्कल स्वतंत्र नसते, सर्व्हरकडे बघून चालते. कंपनीने मेल नव्या सर्व्हरवर हलवले आणि तिथे जुने मेल पूर्ण आलेच नाहीत, तर आउटलुक किंवा थंडरबर्ड जोडलं जाताक्षणी ‘तिकडे नाहीत ना, मग इकडूनही काढू’ असं म्हणत साफसफाई करतं. म्हणून आधी नेटची वायर काढा किंवा वायफाय बंद करा. मग प्रोग्रॅम उघडा. ‘वर्क ऑफलाइन’ चालू करा. आउटलुकमध्ये नवी पीएसटी फाइल बनवून सगळे फोल्डर तिच्यात कॉपी करा. थंडरबर्डमध्ये ‘लोकल फोल्डर्स’मध्ये कॉपी करा. मूव्ह नाही, कॉपी. नक्कल उघडून, चार-पाच जुने मेल जोडफाइलींसकट दिसतायत ना हे बघून मगच नेट चालू करा. ‘खातं काढून परत जोडून बघू’ हा उपाय सगळ्यांना पहिला सुचतो आणि आयमॅपमध्ये तोच सगळ्यात घातक.

एक चूक माझ्या हातून झालेली सांगतो. दुकान नवं होतं. एका बियाणे विक्रेत्याने एक्सपीचा कॉम्प्युटर आणला, “लई स्लो झालाय, फॉरमॅट मारून द्या.” मी डेस्कटॉप, माय डॉक्युमेंट्स, डी ड्राइव्ह, सगळ्याचा बॅकअप घेतला आणि फॉरमॅट मारला. आउटलुक एक्स्प्रेस आपले मेल डॉक्युमेंट्समध्ये ठेवत नाही. ते असतात सी ड्राइव्हमध्ये, लपवलेल्या फोल्डरच्या आतल्या फोल्डरात, डीबीएक्स नावाच्या फाइलींमध्ये. संध्याकाळी मालकांनी मेल उघडले तर सगळी पाटी कोरी. सर्व्हरवरचे पॉपने कधीच पुसलेले. कंपन्यांचे दरपत्रक, उधारीचे कबुलीजबाब, सहा वर्षांचं सगळं गेलं. मालक एक शब्द बोलले नाहीत, पैसे दिले आणि गेले. परत मात्र आले नाहीत. तेव्हापासून फॉरमॅट मारायच्या आधी मी “मेल कशात बघता?” हे विचारल्याशिवाय स्क्रू काढत नाही.

आउटलुक २००२ किंवा त्याआधीचं असेल तर आणखी एक खोच आहे. त्या काळच्या पीएसटीला २ जीबीची मर्यादा होती आणि फाइल तिथे पोचली की आधी सूचना न देता बिघडायची. अशी फाइल मिळाली तर तीवर काम करू नका, तिच्या नकलेवर करा.

आता फक्त वेबमेल आहे. त्यातले मेल कॉम्प्युटरवर कसे घ्यायचे?

सोय असेल तर वेबमेलच्या सेटिंगमध्ये ‘एक्स्पोर्ट’ किंवा ‘डाउनलोड’ सापडेल. नसेल तर महत्त्वाचे मेल एकेक उघडून पीडीएफ करा किंवा मूळ मेल ईएमएल फाइल म्हणून उतरवा. ईएमएल चांगली, कारण तिच्यात जोडफाइली आणि मेल कुठून कसा आला याची नोंद तशीच राहते. पीडीएफमध्ये फक्त मजकूर राहतो. कोर्टकचेरीचं काम असेल तर ईएमएलच ठेवा आणि वकिलांना विचारा.

नव्या मेलसाठी ‘ऑटो फॉरवर्ड’ लावता येतो. लावा, पण त्यावर विसंबू नका. मेल पुढे ढकलला जातो तेव्हा तो मूळ पाठवणाऱ्याच्या परवानगीच्या सर्व्हरवरून आलेला दिसत नाही, आणि अशा मेलची रवानगी बऱ्याचदा स्पॅममध्ये होते. बँकेचे मेल तर हमखास. दुसऱ्या खात्यातला मेल पॉपने ओढून आणायची सोय जीमेलमध्ये होती. तुमच्याकडे पॉपच बंद असल्यावर तिचा उपयोग नव्हताच, आणि गुगलनेही ती जानेवारी २०२६ पासून काढून टाकत असल्याचं जाहीर केलं.

मोबाइलवरच्या जीमेल ॲपमध्ये हा पत्ता जोडलेला होता. तोही चालेना.

तेही आयमॅपच वापरत होतं. कंपनीचं स्वतःचं ॲप असेल तर ते, नाहीतर मोबाइलचा ब्राउझर.

टॅलीतून बिलं मेल होईना गेलीत. त्याचा याच्याशी संबंध आहे का?

आहे, आणि हे कुणाच्या लक्षात येत नाही. टॅली, स्कॅन करून मेल पाठवणारं मोठं प्रिंटर, सीसीटीव्हीचं चित्रण साठवणारा डीव्हीआर, या सगळ्यांत कधीतरी कुणीतरी येऊन एसएमटीपीचा पत्ता आणि पासवर्ड भरून गेलेलं असतं. ज्याने भरला तो पोरगा आता पुण्यात. एसएमटीपी बंद झालं की ही यंत्रं गपगार होतात. प्रिंटर निदान ‘फेल’ म्हणून कागद काढतो. डीव्हीआर काहीच सांगत नाही, आणि गोदामाच्या कॅमेऱ्याचा इशारा महिनाभर आलाच नव्हता हे चोरी झाल्यावर कळतं.

उपाय: ज्या सेवेत एसएमटीपी चालू आहे तिथे या यंत्रांसाठी वेगळं खातं काढा. जीमेल घेतलंत तर आधी टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करावं लागतं, मग ‘ॲप पासवर्ड’ नावाचा १६ अक्षरांचा पासवर्ड मिळतो. यंत्रात तो टाकायचा, तुमचा नेहमीचा नाही. मालकाच्या खासगी खात्याचा ॲप पासवर्ड प्रिंटरमध्ये कोंबू नका.

नेट गेलं तर काय?

रस्ता खोदताना फायबर तुटली की दुपारपर्यंत शुकशुकाट, हे आपल्याकडे नवीन नाही. आउटलुकमध्ये जुने मेल तेव्हाही वाचता यायचे, पावती शोधता यायची, उत्तर लिहून ठेवता यायचं. वेबमेलमध्ये पांढरा पडदा. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर भागवता येतं, पण २० एमबीचं टेंडर हॉटस्पॉटवर चढवताना घाम फुटतो. जीमेलला क्रोममध्ये ऑफलाइन सोय आहे, ७, ३० किंवा ९० दिवसांचे मेल कॉम्प्युटरवर ठेवते. कंपनीच्या वेबमेलमध्ये अशी सोय मी तरी पाहिलेली नाही.

जुने मराठी मेल वेबमेलमध्ये उघडले तर नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. बिघडले का?

नाही बिघडले. युनिकोड रुळायच्या आधी आपण कृतिदेव, शिवाजी, श्रीलिपी अशा फॉन्टमध्ये टाइप करायचो. त्या फॉन्टमध्ये मुळात इंग्रजी अक्षरंच साठवलेली असतात, त्यांच्यावर मराठी अक्षराचं चित्र चढवलेलं. तो फॉन्ट असलेल्या कॉम्प्युटरवर आउटलुकमध्ये मराठी दिसायचं; वेबमेल आपल्याच फॉन्टमध्ये दाखवतं, म्हणून खिचडी. एका शिक्षण संस्थेचा विद्यापीठाशी झालेला संलग्नतेचा जुना पत्रव्यवहार असाच अडकला होता. जुना कॉम्प्युटर चालू असेल तर तिथेच फॉन्टसकट मेल उघडून पीडीएफ करून घ्या. पीडीएफमध्ये फॉन्ट सोबत जातो. मजकूर पुन्हा वापरायचा असेल तर युनिकोडमध्ये बदलणारे कन्व्हर्टर आहेत. पण रफार आणि जोडाक्षरं ते हमखास घोळतात, डोळ्यांखालून घालावंच लागतं.

ऑफिसात आम्ही चौघं एकच मेल वापरतो. आता कसं करायचं?

एकच पासवर्ड चौघांत फिरवणं आधीही चुकीचंच होतं, पण आउटलुकमध्ये एकदा भरला की झाकून राहायचं. वेबमेलला दर थोड्या दिवसांनी ओटीपी लागतो आणि तो जातो मालकांच्या मोबाइलवर. गेल्या आषाढीत मोंढ्यातल्या एका आडत दुकानाचे मालक वारीला निघाले होते, मोबाइल पिशवीत, पिशवी दिंडीच्या ट्रकमध्ये. दुकानातला पोरगा ओटीपीसाठी दोन दिवस फोन लावत बसला. माल उचलायचा निरोप त्या मेलमध्ये होता.

नवी सोय करताना प्रत्येकाला वेगळा पत्ता द्या आणि दुकानाच्या नावाचा पत्ता सगळ्यांना दिसेल असा ठेवा. धंद्यासाठीच्या पैसे देऊन घ्यायच्या सेवांमध्ये हे जमतं. माणूस नोकरी सोडून गेला की त्याच्यापुरतंच कुलूप बदलायचं.

नवा पत्ता कुठे घ्यावा?

घरच्या वापराला जीमेल पुरतं. १५ जीबी जागा मिळते, पण ती ड्राइव्ह आणि फोटोंसकट, हे विसरू नका. नातवाच्या वाढदिवसाचे व्हिडिओ बँकेच्या मेलची जागा खातात. आउटलुक किंवा थंडरबर्डमध्ये ते जोडता येतं.

ज्यांना कॉम्प्युटरवर प्रत हवीच आहे त्यांनी घेण्याआधी विचारून घ्यावं. झोहोचा फुकटचा प्लॅन चांगला आहे, पण त्यात आयमॅप-पॉप नाही, त्यासाठी पैसे भरावे लागतात. प्रोटॉन मेल डेस्कटॉपवर जोडायचा तर त्यांचा ‘ब्रिज’ नावाचा वेगळा प्रोग्रॅम लागतो आणि तोही पैसेवाल्या प्लॅनमध्येच. म्हणजे एका विहिरीतून निघून दुसऱ्या विहिरीत पडायला नको.

धंदा, शाळा, क्लास, दवाखाना यांनी स्वतःच्या नावाचं डोमेन (ईमेल पत्त्यात @ च्या पुढे येतं ते नाव) घ्यावं असं माझं सरळ मत. वर्षाला साधारण हजाराच्या आतबाहेर खर्च. उद्या मेलची कंपनी बदलली तरी पत्ता तोच राहतो, कारण पत्ता तुमचा आणि सर्व्हर भाड्याचा. फक्त डोमेन तुमच्या नावावर, तुमच्या मोबाइलवर नोंदवलेलं आहे ना ते डोळ्यांनी बघा. इथल्या एका कोचिंग क्लासचं डोमेन वेबसाइट करणाऱ्याच्या नावावर निघालं. निकाल लागून प्रवेशाचा हंगाम ऐन भरात आला, नूतनीकरणाची तारीख उलटली आणि तो गृहस्थ फोन उचलेना. छापलेल्या प्रत्येक पत्रकावर तो पत्ता होता.

जुना पत्ता कुठे कुठे बदलावा लागेल?

तुम्हाला आठवतो त्यापेक्षा जास्त ठिकाणी. सुरुवात बँकेपासून, मग आयकर, जीएसटी, पीएफ, विमा, डिमॅट, गॅस, शाळेचं पोर्टल. पत्ता बदलताना सहसा पडताळणीचा ओटीपी येतो, आणि तो जुन्या पत्त्यावरही मागितला जाऊ शकतो. म्हणून जुनं वेबमेल चालू आहे तोवरच हे उरका. जीएसटीची नोटीस जुन्या मेलवर येऊन पडली आणि तुम्ही ती पाहिली नाही, तर मुदत तुमच्यासाठी थांबत नाही. जुन्या मेलमध्ये ‘ओटीपी’, ‘वेलकम’, ‘व्हेरिफाय’ असं शोधलंत की विसरलेली खाती आपोआप वर येतात. हे शोधकाम आउटलुकमध्ये करा, वेबमेलपेक्षा पटकन होतं.

नेट कनेक्शन बदललं तर हा पत्ता राहतो का?

बहुधा नाही. काही कंपन्या थोडे दिवस देतात, काही त्याच दिवशी बंद करतात. कनेक्शन तोडायच्या अर्जाआधी विचारा.

तक्रार करून उपयोग होईल का?

करायला हरकत नाही. कंपनीच्या तक्रार केंद्राकडून डॉकेट नंबर घ्या, समाधान झालं नाही तर कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे जाता येतं. तो क्रम ट्रायच्या, म्हणजे दूरसंचार नियामकाच्या, नियमांत आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. खरं बोलायचं तर ईमेल हा फुकटचा वाणवळा म्हणून दिलेला असतो आणि ‘कधीही बंद करू’ हे अटींमध्ये बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं. तुमच्या प्लॅनच्या कागदावर ईमेलचा स्पष्ट उल्लेख असेल आणि त्याचे पैसे घेत असतील तर गोष्ट वेगळी. बाकीच्यांनी मुदत वाढवून मागावी. ती मागितली तर कधी कधी मिळते.

‘तुमचा मेलबॉक्स आज बंद होणार, इथे क्लिक करा’ असा मेल आलाय. खरा आहे का?

क्लिक करू नका. कंपनी असा बदल करते तेव्हा चोरांनाही ती बातमी लागते, आणि हुबेहूब तसल्याच रंगाचं लॉगिनचं पान बनवून पासवर्ड गोळा करतात. वेबमेलचा पत्ता स्वतः टाइप करून उघडा आणि बुकमार्क करून ठेवा. पासवर्ड देऊन बसला असाल तर ताबडतोब बदला. पैसे गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन, तोही त्याच तासात.

वेबमेलचं काही चांगलं नाहीच का?

आहे की. कॉम्प्युटर चोरीला गेला, जळाला, विजेच्या झटक्याने हार्ड डिस्क गेली, तरी मेल शाबूत. पोरगं पुण्यात, बाप उदगीरला, दोघांना एकच मेल एकाच वेळी दिसतो. ज्याला दिवसाला चार मेल येतात त्याने आउटलुकचा हट्ट धरू नये.

तुम्ही हे सगळं करून देता का?

देतो. सीपीयू तेवढा आणा, मॉनिटर नको. पासवर्ड चिठ्ठीवर लिहून सीपीयूला चिकटवू नका, समोर बसून टाइप करा. आणि यायच्या आधी घरी कुणाला काही फॉरमॅट मारू देऊ नका.